सेव्ह करायच्या आधी

—न्हाय न्हाय, चहा घ्या आधी, मग लिहा. पुण्यावरून एवढं काल्हेरला आलात, फोटोवाल्यांना कसलं सॉफ्टवेअर पाहिजे ते विचारायला — आम्हाला कोणी विचारलं न्हाय हो आजपर्यंत, जो येतो तो विकायलाच येतो. आणि आलात ते बरोबर जागी आलात. केसरीनाथ फोटो स्टुडिओ, म्हणजे मीच केसरीनाथ. कशेळीपासून वळगावापर्यंत हळद कोणाकडे पण असू दे, कॅमेरा आपला. — तो आवाज? कंटेनर हो, गोडाऊनला चाललाय, काच हलते जरा. लिहा. पहिलं म्हणजे डोळे. ग्रुप फोटोत एक तरी काका डोळे मिटतोच. हळदीला रात्रभर नाचलेली माणसं, सकाळी स्टेजवर उभ्या उभ्या झोपतात, मग मी बसतो दुसऱ्या फोटोतले डोळे कापून चिकटवत. एकदा व्याह्याचे डोळे विहिणीला लागले, कोणाला कळलं पण न्हाय. हसा, हसा. हे मशीनने केलं पाहिजे. दुसरं, हळद. नवरी पिवळी, मंडप पिवळा, हॅलोजन पिवळा — फोटोतला पिवळेपणा काढायला जावं तर हळद पण जाते, नवरी आजारी दिसते. तेवढी हळद ठेवून बाकी काढता आलं तर फोटोवाले तुम्हाला डोक्यावर घेतील.

तिसरं... तिसरं म्हणजे तोंड शोधणारं. म्हणजे कसं, एक तोंड दाखवायचं आणि ते माणूस जिथं जिथं असेल — कोपऱ्यात, पाठीमागं, दुसऱ्याच्या लग्नात — सगळे फोटो समोर. होईल असं? बाहेर चाललंय म्हणता? आपल्याकडे कधी येईल? — न्हाय, मला घाई कसली. सहज विचारलं. आता तुम्ही त्या स्क्रीनकडे बघताय म्हणून सांगतो, त्या सगळ्या जुन्या लग्नांच्या सीड्या हायत, दोन दिवस शोधतोय. माझी आक्का. मोठी बहीण. वारली. उद्या बारावं, भिंतीला फोटो पाहिजे. तिचा मनोज, माझा भाचा, आता येईल न्यायला. मतदान कार्डावर हाय एक, पण त्यात नुसती काळी सावली, नाक कुठलं आणि कपाळ कुठलं. मनोज सगळ्यांसमोर बोलला, मामा फोटोवाला असताना कार्डावरचा कशाला? मी पण मान हलवली. हलवली ना मान.

तुम्हाला वाटेल, आक्का लग्नांत कशी सापडेल? अहो, ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटाच्या आधी ती लागते. हळद लावायची, धवले म्हणजे लग्नाची गाणी गायची, सगळे विधी तीच करणार, तिच्याशिवाय नवरी पाटावर बसत न्हाय. म्हणजे ज्या ज्या लग्नात माझा कॅमेरा, तिथं बाजूला आक्का. मग फोटोत का न्हाय? गिऱ्हाईकाला नको असते हो. जमिनी विकल्या, गाड्या आल्या, जाड चकचकीत पानांचा करिझ्मा अल्बम पाहिजे, त्यात लुगडं नेसलेली म्हातारी कोणाला — न्हाय. कोणी बोललं न्हाय तसं. मीच कॅमेरा जरा इकडे घ्यायचो. फोटोवाल्याची बहीण लुगड्यात, अनवाणी, घसा ताणून गातेय — लोक काय बोलतील असं मलाच वाटायचं. आणि लोक तर तिच्या पाया पडायचे.

चौथं लिहा. सेव्ह. आपण फोटोत काही खोडलं आणि सेव्ह दाबलं की जुना जातो, कायमचा. मशीनने थांबवलं पाहिजे. एक गिऱ्हाईक होतं, मुलगी ठाण्याला दिलेली, सासरची माणसं फ्लॅटवाली, शिकलेली. स्टेजवर सगळे सुटाबुटात उभे आणि मुलीची आत्या वर चढली. हळदीचे डाग पडलेलं लुगडं, मुलीच्या गालाला हात लावून हसते, आणि कॅमेऱ्यावर ठेवलेल्या पोऱ्याला बोलते, काढ रे, केशा मला कधी काढत न्हाय. अल्बम व्याह्यांकडे जायचा होता. तर त्या बापाने काय केलं, आत्याला खोडलं आणि तिथं फुलांची कुंडी बसवली. छान बसली. कोणाला ओळखू येणार न्हाय. हेमाली मात्र अल्बम उघडून बोलली, बाबा, इथं आत्या होती ना? मी बोललो, फोटो हललेला... हां. माझीच हेमाली. ऐकलंत ना, आता काय लपवू. मागच्याच मे महिन्यात. आक्काने तो अल्बम बघितला, सगळी पानं उलटली. चहा पिऊन घरी गेली.

रिकव्हरी करून बघितली हो. कॅमेऱ्याच्या त्याच कार्डावर मी पुढची तीन लग्नं काढली, काय राहणार? आणि तुमचं ते तोंड शोधणारं आलं तरी त्याला आधी एक तोंड दाखवायला लागणार ना? ते कुठून आणू? एवढ्या सीड्या बघितल्या, सापडतो तो हात. नवरीच्या कपाळाला हळद लावणारा हात, हिरव्या बांगड्या न्हाईत, दाजी गेले तेव्हापासून, मनगटाला गोंदलेलं. फ्रेम तिथंच संपते. मीच संपवलेली. म्हणून सांगतो, सेव्ह करायच्या आधी मशीनने नुसतं एवढं विचारावं, ही बाई तुमची कोण? मला लाज वाटली असती. आता वाटते ती काय कामाची.

—जिना वाजला. मनोजच. ऐका, एक काम करा माझं. तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुमचं तो ऐकेल. सांगा, व्हायरस आला, मामाची डिस्क उडाली, सगळं गेलं. एवढंच. माझ्या तोंडाकडे बघून तो ओळखेल, तुमच्या न्हाय ओळखणार — उठताय कशाला? बसा ना. चहा पण तसाच हाय... न्हाय म्हणता. बरं. जा तुम्ही. सांभाळून उतरा, तिसरी पायरी मोडलीय.

ये रे मनोज. बस. न्हाय, तयार न्हाय झाला. होणार पण न्हाय. तुझ्या आयचा फोटो न्हाय माझ्याकडे. हात हाय नुसता. बघतोस?