दोन हात बाकी

१९५६च्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका इस्पितळात मित्राला भेटायला गेलो होतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर शेजारी दोन बायका होत्या, नणंद आणि भावजय. नणंदेने डबा आणला होता. मी पुस्तक उघडलं, पण वाचणं जमलं नाही. आठवतं तसं लिहितो, चुकलंही असेल.

“वहिनी, काय म्हणाले वं डॉक्टर दादाचं?”

“जंतू रक्तात गेले म्हणे. पेनिसिलीनले जुमानूनच नाही राहिले. आज मुंबईहून दुसरं औषध येणार हाये.”

“मागावर बोट फाटलं, तेवढ्याचं एवढं?”

“दोन सुया घेतल्या, ताप उतरला, अन् बसले पुन्हा विणायले. बाकीच्या घ्यायले गेलेच नाहीत.”

“तू काहून नाही अडवलं?”

“शामला, चार दिवसांनी मागाचा आवाज आला वं. मलेच बरं वाटलं.”

“बरं, खाऊन घे. दादा विणत होता ते लुगडं मागावरच हाये का?”

“दोन हात बाकी हाये.”

“आमचे हे पुरं करून देतो म्हणतात.”

“हात नका लावू म्हणावं. दुसऱ्याचा ठोका पडला का कापडात पट्टा दिसते. घरी आल्यावर तुझा दादा मले शिव्या देईल.”

“देऊ दे वं. शिव्या द्यायले तरी येऊ दे.”

“हो ना.”

“आता घरी जा अन् थोडी झोप. मी हाये इथं.”

“नाही वं. घरी माग मुका हाये. इथं त्यांचं कण्हणं तरी ऐकू येते.”