दामूदादा, उद्या त्या कागदावर सही करू नका

मंडळी, तुम्ही सगळे आलात. काही जण कामावरून परस्पर आलात, बेलपाड्याची मंडळी जेवण टाकून आली. कमळाकर म्हात्रेबद्दल ‘होता’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. बावीस वर्षं त्याने या पनवेलमध्ये मंडप घातले. अशा सभांना खुर्च्या त्याच्याच असायच्या. आजही त्याच्याच आहेत, आणि एकही कमी पडलेली नाही.

मला तुम्ही ओळखता. कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शिक्षण दहावी. बाकी जे कळतं ते लोकांचे कागद काढता काढता वाचून कळलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. कमळाकरच्या चांगुलपणाबद्दल बाकीचे बोलले. मी त्याच्या हिमतीबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वी त्याने मंडपाच्या सामानासाठी फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं. पावसाळ्यात लग्नं नसतात. तीन हप्ते चुकले. वसुलीवाले आले, शिव्या दिल्या, व्याह्यांना फोन केले. कमळाकर दुकानात येऊन बसला. म्हणाला, “भाऊ, तोंड दाखवायला जागा नाय उरली.”

मी म्हणालो, हप्ता चुकणं हा गुन्हा नाही. नियम ऐक. वसुलीवाल्याने ओळखपत्र दाखवायचं, कंपनीचं अधिकारपत्र दाखवायचं. सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. शिवी नाही, धमकी नाही, नातेवाइकांना फोन नाही.

पुढच्या खेपेला दोघे आले. कमळाकरने खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, ऑर्डरची वही काढली.

“नाव सांगा. ओळखपत्र दाखवा.”

“काका, पैसे घेताना आमचं ओळखपत्र मागितलं होतं का?”

“तेव्हा तुमी माझे आठ कागद मागितले. मी दिले ना? आता मी एकच मागतोय, तर तुमच्याकडं नाय?”

खरंच नव्हतं! एकाचं नव्हतंच, दुसऱ्याची मुदत संपलेली. कमळाकरने वहीत नावं लिहिली, तारीख लिहिली, वेळ लिहिली: संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं. ते पान जोडून आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली, पोच जपून ठेवली. शिव्या थांबल्या. आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम लागला तसे कमळाकरने तिन्ही हप्ते भरले. हेही सांगितलंच पाहिजे. बुडवणारा माणूस नव्हता तो.

गेल्या आठवड्यात त्याचं हृदय थांबलं. पाचव्या दिवशी वसुलीवाले परत दारात. घरात सुतक. ओटीवर त्याचे थोरले भाऊ, आपले दामूदादा. त्यांना ते म्हणाले, “बाराव्याच्या आत मिटवा. गेलेल्याच्या डोक्यावर कर्ज ठेवू नका.” आणि दादा म्हणाले, “माझा भाऊ कुणाचे पैसे ठेवणार नाय. कागद आणा, सही करतो.”

उद्या सकाळी दहाला ते कागद घेऊन येणार आहेत.

दादा, तुमच्या मोठ्या मनाला मी हात जोडतो. पण सही करू नका. मूळ करार मी वाचलाय. तुम्ही जामीनदार नाही. कमळाकरच्या बायकोचं, सुनंदावहिनींचंही नाव सहकर्जदार म्हणून नाही. कमळाकरने मागे जे ठेवलं, तेवढ्यातून कंपनी आपला हक्क मागू शकते. तुमच्या पेन्शनीतून नाही. सही केलीत की ते कर्ज तुमचं झालं.

आता माझी चूक सांगतो. हा करार दोन वर्षं माझ्या दुकानात आहे. त्याचं नववं पान मी काल पहिल्यांदा नीट वाचलं. कर्ज देतानाच कंपनीने विम्याचा हप्ता कापून घेतलाय. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज त्या विम्यातून फिटायचं, असं त्यात लिहिलंय. लोकांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा म्हणून सांगणारा मी, आणि तेच पान सोडलं. कमळाकरला हे सांगायचं राहून गेलं. पण वसुलीवाल्यांनी ओटीवर बसून हे का नाही सांगितलं?

मृत्यूचा दाखला आला की विम्याचा अर्ज मी स्वतः लिहितो. दावा मंजूर होईलच, अशी हमी मी देत नाही. पण लेखी उत्तर येईपर्यंत या घरातल्या कुणीही कशावरही सही करायची नाही.

मघाशी दादा मला म्हणाले, “लोक काय बोलतील?” दादा, लोक इथंच बसलेत. विचारूया. मंडळी, दादांनी सही केली नाही, तर कमळाकर कर्जबुडवा ठरतो का?

मोठ्याने सांगा, दादांना कमी ऐकू येतं.

ऐकलंत दादा? उद्या दहाला मी ओटीवर येऊन बसतो. ज्यांना जमेल त्यांनी या. भांडायचं नाही, नुसतं बसायचं.

आता दोन मिनिटं आपल्या कमळाकरसाठी शांत उभे राहू. दादा, तुम्ही थोरले. आधी तुम्ही उठा. आम्ही सगळे तुमच्या मागे उभे राहतो.