खांबापासून आमची गच्ची

नाही नाही, उठू नका, बसा की — तो खांब काही माझ्या मालकीचा नाही, मोजणी खात्याचा आहे, आणि खातं काही एवढा गड चढून यायचं नाही तुम्हाला उठवायला! मी जरा टेकते फक्त, गुडघे कुरकुरतायत. आमचे हे मोजणीदार होते. याच खांबावर दुर्बीण लावायचे — समोरच्या डोंगरावरून दुसऱ्या माणसानं आरसा चमकवायचा, त्या ठिपक्यावर यांनी दुर्बीण धरायची, असं काम. मग काय, मलाही एक आरसा आणून दिला! दुपारी मी गच्चीवरून चमकवायचा, यांनी इथून उत्तर द्यायचं — ‘जेवलो’, एवढंच. शेजारीण म्हणायची, या वयात काय हे थेर! म्हणू दे, म्हटलं, तिचा नवरा तर बाजूच्या खोलीतूनसुद्धा उत्तर देत नाही.

गेले हो. गेल्या उन्हाळ्यात — तो ढासळलेला बुरूज आहे ना, तिथून पडले. आणि तेव्हापासून सगळे एकच विचारतात, साहेब काय, दीर काय, नणंद काय — काम खांबापाशी, मग हे कड्यावर कशाला गेले? कुणी म्हणतं, घेतली असेल. थेंबाला शिवले नाहीत हो कधी! कुणी म्हणतं — जाऊ दे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणून आले, म्हटलं एकदा आपल्या डोळ्यांनी बघू. हे नेहमी सांगायचे, खांबापाशी उभं राहिलं की आपली गच्ची लख्ख दिसते.

जरा सरकता? हं — ती नदी — ती निळी पाण्याची टाकी — आमचं घर तिच्या डावीकडे, म्हणजे... थांबा, चष्मा पुसते. नाही हो दिसत, तट आड येतोय. तुम्ही बघा, तुमची नजर तरुण आहे — टाकीच्या डावीकडे, पिवळी गच्ची? नाही ना? मग मला रोज उत्तर यायचं ते कुठून? खालून काय, गड एवढासा दिसतो, चमकलं की झालं. काय म्हणालात? त्या बुरुजावरून?

बुरुजावरून दिसेल, होय.

सांगितलं असतं तर आरसाच फोडून टाकला असता मी. ओळखून होते मला, म्हणून खांब खांब करत राहिले. त्या दिवशीही चमकलं होतं हो — मी चमकवलं, यांनी उत्तर दिलं, आणि मग तो उजेड एकदम खाली खाली गेला. मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. हसून परत चमकवला, परत, परत — उत्तर येईना, तर म्हटलं लागले असतील कामाला, आणि जाऊन भांडी घासली.

नको, पाणी नको मला. काय सांगू आता नणंदेला? बायकोला ‘जेवलो’ सांगायला गेले होते म्हणून? — तुम्ही उतरा आता, ऊन चढतंय. पायवाटेनंच जा, त्या बाजूला जाऊ नका. मी बसते जराशी. आरसा आणलाय मी पिशवीत, पण घरी गच्चीवर आता कोण आहे? जा तुम्ही. जा ना.