मुद्देमालातली फिजिक्सची वही

चोर सापडला की काम झालं, असं तुम्हाला वाटत असेल तर माझं ऐका. बहिणीची सुनंदा औशाहून आमच्याकडे लातूरला बारावीच्या क्लाससाठी राहायला आली होती. परीक्षा महिन्यावर आली आणि सायकलच्या कॅरिअरवरून तिची पिशवी चोरीला गेली. आत फिजिक्सची वही. पोरगी जेवेना.

चार दिवसांत पिशवीसकट चोर सापडला. मी लगबगीनं ठाण्यात गेले, तर हवालदार म्हणाले, "ताई, वही आता मुद्देमाल हाय. कोर्टाच्या हुकमाबिगर देता येत न्हाई."

"अहो, लेकराची परीक्षा आहे!"

"परीक्षा काय, आमच्याबी घरी हाय की, बारावीचीच."

वकील गाठला, अर्ज केला, तेव्हा कुठं आठ दिवसांनी वही मिळाली. सुनंदानं ती तिथंच बाकावर उघडली. सोडवायला दिलेल्या प्रत्येक गणितापुढं पेन्सिलीनं उत्तर लिहिलेलं होतं, नाजूक अक्षरात.

"साहेब, हे कुणी लिहिलं?"

"तपासात लिहावं लागतं, ताई."

सुनंदा माझ्या कानाशी लागली, "मावशी, यातलं पाचवं चुकलंय."

हवालदार ताडकन उठले. "कोणतं? पान सांग, पान!"