दोन तारांवरची हजेरी

सुमनताई, मेघा, सरांच्या घरची मंडळी, आणि कॉलनीतल्या सगळ्यांनो,

एरवी मला बोलायचा आग्रह करावा लागत नाही. आज शब्द जुळत नाहीत. सावकाश बोलते, सांभाळून घ्या.

कांबळे सर अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले, इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या घरात त्यांनी काय केलं, ते ठाऊक नसेल.

आजारपणात माझ्या मिस्टरांचं ऐकू येणं पूर्ण गेलं. कानाच्या मशीनचाही उपयोग होईना. मी चिठ्ठ्या लिहायचे, ते न वाचता उलट्या करून ठेवायचे. हळूहळू बोलणंही थांबलं. घरात दोन माणसं, आणि आवाज फक्त कुकरचा.

मला वाटलं, त्यांच्या खुर्चीजवळ एक छोटा पडदा असावा. मी स्वयंपाकघरात बटण दाबावं, तिथे शब्द उमटावा. ऑनलाइन सामान मागवलं. व्हिडिओ बघून तारा जोडल्या, प्रोग्राम उतरवला. पडदा काळाच.

सर आले. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि हात बांधले.

"सर, तुम्हीच करून द्या ना."

"म्हणजे उद्या बिघडलं की पुन्हा मीच? हात तुमचे चालू द्या, मॅडम. माझे चहासाठी राखून ठेवलेत."

असे होते सर. कशालाही हात लावायचे नाहीत, आणि तुम्हाला येईपर्यंत उठायचेही नाहीत.

त्यांनी सांगितलं, निरोपांची ने-आण या दोन तारांवरून होते, यांवर कितीही वस्तू जोडा. प्रत्येकीला आपला नंबर. जिचा नंबर पुकाराल, तीच उत्तर देणार. "तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये हजेरी घ्यायचे ना? तसंच."

मी उभी राहून म्हटलं, "प्रेझेंट, सिस्टर!" काय हसले सर!

मग माझ्याकडून छोटासा प्रोग्राम लिहून घेतला. सगळे नंबर ओळीने पुकारायचे, कोण उत्तर देतं ते बघायचं. पडदा हजर होता! व्हिडिओतला नंबर मी तसाच उतरवला होता, माझ्या पडद्याचा वेगळाच होता.

"केव्हाचा बसलाय बिचारा," सर म्हणाले. "त्याला कुणी त्याच्या नंबरानं विचारलंच नाही."

मी मिस्टरांच्या खुर्चीकडे बघितलं.

शब्द इंग्रजीत ठेवा, ती अक्षरं पडद्याला आयती येतात, सोपं पडेल, असं सर म्हणाले. मी म्हटलं, "शिकले इंग्रजीत, पण संसार मराठीत केलाय, सर." मग ग्राफपेपरवर एकेक चौकोन काळा करत, एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, असं आम्ही पहिल्या शब्दाचं चित्र केलं. चहा?

स्वयंपाकघरात उभं राहून मी बटण दाबलं. बाहेरच्या खोलीतून मिस्टरांचा आवाज आला, "साखर बेताची घाल."

किती दिवसांनी! मला रडू फुटलं. सर एवढंच म्हणाले, "दोघंही हजर."

परवा सर गेल्याचं कळलं. मिस्टरांना कसं सांगू? 'चहा' होता, 'जेवण' होतं, 'दार वाजलं' होतं. 'सर गेले' हे शब्द आमच्या पडद्यात नव्हते. मी ग्राफपेपर घेतला. एकेक चौकोन काळा केला. शेजारी हात बांधून बसलेलं कुणी नव्हतं. बटण दाबताना वाटलं, आज तरी चुकावं. चुकलं नाही. सर, तुम्ही तसं शिकवलंच नव्हतं.

मिस्टरांनी वाचलं. उठले, आणि स्वतः शर्टाला इस्त्री केली. हे बघा, पहिल्या रांगेत बसलेत.

आता आपण सगळे उभे राहू या. मिस्टरांना मी खुणेनं सांगते. मनातल्या मनात सरांना एक हाक मारा, आणि गप्प राहून ऐका. उत्तराला वेळ लागला तर लागू दे.