छापून आलंय ना!

…आणि वर मलाच म्हणतात, तू संशयी! अहो, पोटासाठी संशय घेतो मी! तुम्हाला सांगतो, लोक काय काय नोकऱ्या करतात, मी छापून आलेलं संशोधन वाचतो. औषधांवरचं. डॉक्टर मंडळी अभ्यास करतात, नियतकालिकात छापतात, आणि त्यावर विसंबायचं की नाही, ते आम्ही ठरवायचं. माणसं कशी निवडली, पैसा कोणाचा, नको ते आकडे कुठे दडपले… दिवसभर हेच. आणि घरी? घरात माझी किंमत शून्य! का, तर छापून आलंय ना!

ताईच्या पोटात गाठ निघाली. माझी थोरली बहीण हो, हिनेच मला वाढवलं, माझी पन्नाशी उलटली तरी चारचौघांत ‘बाळ्या’च म्हणणार. सर्जन म्हणाले, वेळेत सापडलीय, काढून टाकू, बऱ्या व्हाल. सरळ गोष्ट! पण आमचे भाऊजी… ताईचे यजमान, माणूस लाख मोलाचा, पण ऑपरेशन म्हटलं की यांनाच घेरी… त्यांनी कुठूनसा एक अभ्यास पैदा केला. कसल्याशा मुळीचा अर्क, रोज थोडे थेंब, गाठ म्हणे विरघळते!

“मेहुणे, वाचा! तुमच्याच धंद्यातलं आहे. छापून आलंय!”

वाचलं. सुरुवातीला चाळीस रोगी, शेवटच्या तक्त्यात तेवीस. अहो, बाकीचे काय मधल्या स्टॉपला उतरले? अर्क न घेणाऱ्यांशी तुलना? नाही! पैसा कोणाचा? अर्क विकणाऱ्याचा! धावत गेलो ताईकडे. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेली. म्हटलं, “ताई, बरे झाले तेवढेच मोजले तर नळाचं पाणीसुद्धा औषध ठरतं गं!”

“बाळ्या, एवढी शिकलेली माणसं खोटं छापतील का?”

“खोटं नाही, अर्धं!”

“मग अर्धी तरी बरी होईन.”

हसलो हो मी… हसलो! आणि मग ती मटारातून मान वर न करता म्हणाली, “मला कापून घ्यायची भीती वाटते रे.” …त्यावर माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

अर्कवाल्यांनी दुसरा अभ्यास काढला, ताई त्यात नाव नोंदवून मोकळी! आधी भाऊजींचे फोन, “भूक सुधारली! झोप लागते!” मग भूक गेली. मग पोट फुगलं. हातापाया पडून तिला सर्जनकडे नेलं, त्यांनी फिल्म उजेडात धरली, म्हणाले, आता कापण्यापलीकडे गेलंय. ओरडणार होतो मी, पण कोणावर? त्या माणसाने तर आधीच सांगितलं होतं. भाऊजींवर? ते कोपऱ्यात तिची चप्पल हातात घेऊन उभे! छापून आलं होतं ना!

ताई गेली. अभ्यासवाल्यांना भाऊजींनी स्वतः फोन करून कळवलं. पलीकडून गोड आवाज, “अरेरे, फार वाईट झालं हो, काळजी घ्या.”

आणि पुढच्याच वर्षी तो दुसरा अभ्यास छापून आला, माझ्याच टेबलावर! निष्कर्ष काय? अर्क गुणकारी! आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप… ‘काही रोग्यांशी संपर्क तुटला.’

भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, मला दाखवत म्हणाले, “संपर्क कसा तुटेल? माझा नंबर तोच आहे हो…”

मग मात्र लिहिलं मी संपादकांना! पानंच्या पानं! कोण गेलं, कधी गेलं, कोणाला कळवलं, सगळं. महिनोन्महिने चिडीचूप. शेवटी उत्तर आलं, कसं, तर लोण्यासारखं मऊ… “आपली सूक्ष्म दृष्टी फार भावली. लेखकांकडे विचारणा केली आहे. दरम्यान, त्यांचाच तिसरा अभ्यास आमच्याकडे आला आहे. तो छापण्याआधी आपण तपासून द्याल का?”

आता बोला! फाडून टाकावं वाटलं. पण मी नाही म्हटलं तर जाणार कोणाकडे? एखाद्या न वाचताच ‘उत्तम’ लिहिणाऱ्याकडे! तेव्हा म्हटलं हो. बसलोय वाचत. दोन पानं झाली… आणि तुम्हाला सांगतो, अजून तरी शुद्धलेखनाची एक चूक सापडेल तर शपथ!