मिस्त्रींना ऐकू न येणारा पट्टा

माझं माहेर जळकोट तालुक्यातलं, गाव एवढं लहान की नाव सांगून तुम्हाला उमगणार न्हाई. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, ना बापाकडून कुणी, ना आईकडून. नांदेडला हॉस्टेलवर राहून बी.ए. केलं, आन हे मी सगळ्यांना सांगते, का सांगू नये, फुकट मिळालं का ते. तवा भावकीतले म्हणाले, एवढी शिकवली आन गॅरेजवाल्याला दिली. पण मिस्त्रींना मी पसंत केलं त्याचं कारण मलाच ठाऊक. बघायला आले भाड्याच्या जीपमधून, पोहे पुढं ठेवले, तेवढ्यात बाहेर ड्रायव्हरनं जीप चालू केली आन हे बशी ठेवून उठलेच, थांबा म्हणाले, ही गाडी कण्हून राहिली. माझ्याकडं धड पाहिलंसुद्धा न्हाई. मी आईला म्हणलं, ज्याला गाडीचं कण्हणं ऐकू येतं त्याला माणसाचं येईलच.

तर लातूरला आले. डाळ मिलच्या रस्त्याला आमचं शेड हाय, ते गाड्या दुरुस्त करतात, बाजूच्या गाळ्यात मी सामान विकते. खिळ्यांना पट्टे टांगलेत, फॅन बेल्ट म्हणतात लोक. इंजिनाच्या तोंडाशी हा काळा रबरी पट्टा फिरतो, त्याच्यावर डायनामो चालतो, एसी चालतो. झिजला, सैल पडला, की अशी किंकाळी फोडतो की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. आन काय सांगू तुम्हाला, आमच्या मिस्त्रींना नेमकी तीच ऐकू येईना झाली.

आधी कुकरची शिट्टी गेली. वरण करपलं, मी ओरडले, तर म्हणाले हल्लीचे कुकरच मुके निघून राहिले. मंग फोनची रिंग गेली. जाड आवाज सगळे येतात, इंजिनाचा ठोका तर इथं बसून ओळखतात, बारीक तेवढा येत न्हाई. एकदाच बोलले माझ्याशी, मिस्त्रीचा कान गेला हे बाजारात कळलं की शटर ओढायचं, दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा हक्क न्हाई मंग. तवापासून मी एक केलं. गाडी आली की चहा घेऊन जायची, कप देताना हळूच सांगायची, एसी लावला की ओरडती. मंग हे गिऱ्हाईकाला मोठ्यानं, एसी लावला की ओरडत असंल बघा. गिऱ्हाईक खूश, हे खूश, मी रिकामा कप घेऊन परत.

पण मन्मथअप्पा आले तवा मी भाजीला गेले होते. अप्पा डाळ मिलवाले, आमचं जुनं गिऱ्हाईक, जोरात बोलणारा माणूस. गाडी ओरडती म्हणाले, मिस्त्रींनी पट्टा पाहिला, झिजून चकाकत होता, गाळ्यातून नवा काढला, बसवला, गाडी चालू केली आन म्हणाले, घ्या अप्पा, गेला आवाज. मी कोपऱ्यावर होते तर मला तिथवर ऐकू येऊन राहिलं, चिंईई. धावत आले. अप्पा हसून म्हणत होते, अहो मिस्त्री, आख्खी गंजगोलाईची बाजारपेठ ऐकून राहिली, तुम्हालाच कसं येईना?

मिस्त्रींनी हातातला पाना पेटीत ठेवला, झाकण लावलं. शटरकडं बघितलं. चहा करायला वेळ नव्हता, आन चहानं भागणारही नव्हतं. भाजीची पिशवी खाली ठेवली आन अप्पासमोरच म्हणलं, अहो, पाण्याची बाटली घ्या, तुम्ही पट्ट्यावर मारा, मी ऐकते.

हे हललेच न्हाईत. माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच शटर ओढलं.

तेवढ्यात अप्पा म्हणाले, अहो मिस्त्री, त्यात काय, आमच्या मिलमधी यंत्रापुढं कुणालाच कुणाचं ऐकू येत न्हाई, सगळे हातानंच बोलतोत. हात वर केला की बंद, फिरवला की चालू. वहिनी, तुम्ही आपला हात करा.

झालं. मिस्त्रींनी झाकण उघडलं. बुचाला भोक पाडलेली बाटली घेतली, चालत्या पट्ट्यावर लांबूनच पाणी उडवलं. आवाज बंद. मी हात वर. पाणी वाळलं, पुन्हा चिंईई. मी हात फिरवला. मिस्त्री मान डोलवून म्हणाले, पट्टा सैल असता तर पाण्यानं आवाज वाढला असता, बेरिंग बिघडली असती तर आवाज बदललाच नसता, म्हणजे दोष पट्ट्याच्या अन् पुलीच्या मधी हाय. इंजिन बंद करून पट्टा काढला, तो ज्या चाकावर फिरतो त्या पुलीच्या खाचांतून बोट फिरवलं तर बोट चिकटलं. बोट वर धरून विचारलं, अप्पा, काय चोपडलंत हो?

अप्पा म्हणाले, राळ, मिलचा पट्टा घसरू नये म्हणून लावतो तीच, दोन दिवस गाडी गप होती बघा.

मिस्त्री म्हणाले, अप्पा, गाडीत तूरडाळ भरडायची होती काय?

अप्पा एवढे हसले की खोकला लागला त्यांना. मंग खाचन् खाच ब्रशनं, थिनरनं साफ केली. बसवलेल्या नव्या पट्ट्यालाही राळ लागलीच होती, म्हणून मी खिळ्यावरचा दुसरा काढून दिला. गाडी चालू केली, एसी लावला, स्टेअरिंग इकडून तिकडं फिरवलं. मी कान देऊन उभी. मिस्त्री इंजिनाकडं न्हाई, माझ्याकडं बघत होते. आन भर रस्त्यात, अप्पासमोर, मोठ्यानं विचारलं, गेला का गं?

मी हात वर केला आन खाली घेतलाच न्हाई कितीतरी वेळ.

आता कानाचं यंत्र आणलंय आमच्या पोरीनं, पण गॅरेजात घालत न्हाईत, हातोडी डोक्यात वाजती म्हणतात. गिऱ्हाईकाला स्वतःच सांगतात, बारीक आवाजाचं खातं आमच्या हिच्याकडं हाय. लोकांना गंमत वाटती. माझेही कान म्हातारे होतील एक दिवस, तवा होतील, आत्तापासून कशाला रडू. तुम्ही लांबून आलात, एवढं ऐकून घेतलंत, तुमचंही सगळं चांगलं होवो. गाडी ओरडायला लागली तर घेऊन या. मी नसले तर मिस्त्री तुम्हाला खुर्चीत बसवतील, पाणी देतील, पण मी येऊन ऐकेस्तवर बॉनेट खाली करणार न्हाईत.